सुईदोऱ्याचे मोल : कै. रमाबाई रानडे यांची जीवनकथा



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा विणकाम-भरतकामाच्या छंदावर कोणीतरी लिहावे असे निघाले आणि सर्वांनी माझ्याकडे बोट दाखवले. विणण्याचा मला नाद आहे हे खरे. सासूबाईंच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून मी किती रात्री सुया चालवल्या असतील, याचा हिशेब नाही. पण लिहिणे हे माझे काम नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून आधी वाटले, एखाद्या विणीचा नमुना लिहून द्यावा, सुलट किती, उलट किती, काखेत टाके कसे कमी करायचे, आणि मोकळे व्हावे.

तसे केले नाही, याला एक कारण घडले. मागच्या दिवाळीनंतर आपल्या शिवणवर्गातील एका भगिनीने बैठकीत भीत भीत विचारले होते की, वर्ग सुटल्यावर मंडळाच्या मशीनवर बाहेरचे चार ब्लाऊज, दोन परकर शिवले आणि त्याचे पैसे घेतले तर चालेल का. तिच्या घरचा मिळवता हात थांबला होता. तेव्हा मंडळाचे मशीन हे छंदासाठी आहे, इथे दुकान मांडायचे नाही, असे ज्या बायका बोलल्या त्यांत माझा आवाज सर्वांत मोठा होता. ती बिचारी गप्प बसली आणि पुढचे दोन महिने वर्गाला आली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी करवीर नगर वाचन मंदिरातून मी एक पुस्तक वाचायला आणले. ते रमाबाई रानड्यांनी स्वतःच्या संसाराविषयी लिहिलेले. ‘उंच माझा झोका’ ही त्यांच्या आयुष्यावरची मालिका 2012 साली दूरदर्शन संचावर लागत असे, ती आपणांपैकी बहुतेकींनी पाहिली आहे. मीही पाहिली होती. परंतु पुस्तक वाचले, त्यांच्या पुढच्या कामाविषयी इतर ठिकाणी मिळाले ते वाचले, आणि मनाला चटका बसला. सुईदोऱ्याचे काम कशासाठी असते, हे या बाईंना शंभर वर्षांपूर्वी कळले होते आणि मला आज मशीनपुढे बसूनही कळले नव्हते. म्हणून नमुना बाजूला ठेवला आणि त्यांचीच कथा मला जमेल तशी सांगते.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, आपल्या कोल्हापूरपासून फार दूर नाही. यशवंतराव चव्हाण जन्मले तेही याच गावी, पण ते पुढे पन्नास वर्षांनी. रमाबाईंचे माहेर कुर्लेकरांचे, वडिलांचे नाव माधवराव आणि माहेरचे त्यांचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या घरी नव्हती. त्या काळी कुठल्याच घरी नव्हती म्हटले तरी चालेल. मुलगी शिकली तर घराला वाईट, अशी समजूत होती. मुलीने स्वयंपाकपाणी शिकावे, देवपूजेची तयारी शिकावी, वाती वळाव्यात, फाटलेल्याला टाका घालावा, म्हणजे ती शहाणी झाली.

1873 साली, अकरा वर्षांची असताना, यमुनेचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी पुण्यास झाले आणि यमुनेची रमा झाली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, सरकारी न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर. विद्वान म्हणून त्यांचे नाव सगळीकडे गाजलेले. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. रानडे हे विधवाविवाहाचे कैवारी. त्यांनी स्वतः एखाद्या विधवेशीच लग्न करावे, असे त्यांच्या मित्रांना वाटत होते. परंतु वडिलांनी हट्ट धरला आणि वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही. यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. नवरा सुधारक, पण बायको अकरा वर्षांची आणि निरक्षर, अशी ही विजोड गाठ होती.

इथे आपल्या कोल्हापूरचा संबंध सांगितलाच पाहिजे. रानड्यांचे वडील गोविंदराव हे कोल्हापूर दरबारच्या नोकरीत होते. रानड्यांचे बालपण इथे गेले आणि मुंबईच्या कॉलेजात जाईपर्यंतचे त्यांचे शिक्षणही इथेच झाले. पुढे काही काळ ते इथे न्यायाधीशाच्या जागेवरही होते. म्हणजे रमाबाई या एका अर्थाने कोल्हापूरच्या घराण्याची सून. आपण त्यांना पुण्याच्या म्हणतो, पण आपलाही त्यांच्यावर थोडा हक्क आहे.

लग्न झाले त्याच दिवशी रात्री रानड्यांनी पाटी पुढे ठेवून मुलीला अक्षरे शिकवायला सुरुवात केली. आज ऐकायला हे गोड वाटते. पण त्या पोरीवर काय प्रसंग आला असेल, तो पाहा. माडीवर नवरा शिकवणार आणि खाली स्वयंपाकघरात सासू, नणंदा, आत्या, आश्रित बायका अशा आठ-नऊ जणी तिची वाट पाहत बसलेल्या. शिकायला नाही म्हणावे तर नवऱ्याचे मन मोडते. हो म्हणावे तर खाली बोलणी खावी लागतात. अबोला, टोमणे, मुद्दाम जास्त काम सांगणे, सगळे तिने सोसले. पहाटे उठून वाचायचे, दिवसभर खाली राबायचे आणि पुन्हा रात्री धडा द्यायचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

मी यावर विचार करीत होते. त्या बायका मुळातच दुष्ट होत्या, असे मला वाटत नाही. त्यांच्यातल्या काही विधवा होत्या. त्यांना स्वतःचे म्हणून काही नव्हते. ना हातात पैसा, ना डोक्यात अक्षर. दुसऱ्याच्या घरात दोन वेळचे जेवण आणि त्या बदल्यात जन्मभर काम. अशा बाईला समोरची पोर शिकून वर जाताना पाहवत नाही, हे समजण्यासारखे आहे. रमाबाईंनी पुढे जे काम केले ते अशाच बायकांसाठी. ज्यांनी छळले त्यांच्यासारख्यांच्याच हाताला त्यांनी काम मिळवून दिले. याचे मला फार नवल वाटते.

मराठी येऊ लागल्यावर इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला. रानड्यांची बदली 1878 साली नाशिकला झाली. तिथे सासरच्या माणसांचा जाच कमी झाला आणि रमाबाई बायकांत मिसळू लागल्या. हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना बोलवावे, मुलींच्या शाळेविषयी त्यांच्याशी बोलावे, असे त्यांनी सुरू केले. आपल्या मंडळाचीही सुरुवात हळदीकुंकवानेच झाली होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. बाईला घराबाहेर पडायला आजही काही निमित्त लागतेच.

पुढे पुन्हा पुण्यास आल्यावर 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी स्त्रियांसाठी आर्य महिला समाज स्थापन केला. दोन्ही रमाबाई तिथे एकत्र आल्या. घरच्या बायकांना हे मुळीच खपले नाही आणि पुन्हा अबोला सुरू झाला. पण आता रमाबाई वीस वर्षांच्या झाल्या होत्या आणि मनाने घट्ट झाल्या होत्या. मुलींसाठी मोठी शाळा काढावी म्हणून पुण्यात खटपट चालली होती. त्यासाठी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून विनंतीचे भाषण वाचले. लग्नाआधी जिला अक्षर येत नव्हते, ती ही मुलगी. सभा गाजली आणि घरी पुन्हा बोलणी बसली. पण शाळा निघाली. 1884 साली सुरू झालेली ती शाळा म्हणजे पुण्याची हुजूरपागा.

1893 साली रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. आता रमाबाई एका बड्या माणसाच्या पत्नी होत्या. घरी नोकरचाकर होते. त्यांना मूल नव्हते. दुसरी कोणी असती तर दुपारी पत्ते खेळली असती आणि कोणी नावही ठेवले नसते. रमाबाईंनी मुंबईत हिंदू स्त्रियांसाठी एक क्लब काढला. त्यात भाषा, सामान्य ज्ञान, सभेत बोलण्याचे वळण यांबरोबर शिवणकाम आणि हस्तकला यांचेही वर्ग सुरू केले. आपल्या विषयाचा धागा इथून लागतो.

शिवणकाम का, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. माझे आपले साधे मत सांगते. पुस्तक हातात घेतलेली बाई त्या काळच्या घराला सहन होत नसे, पण सुई हातात घेतलेली बाई सहन होत असे. बाळंतविडा तर घरोघर लागणारच. कुंची, टोपडे, झबले, दुपटे हे सारे घरीच शिवायचे. जुन्या लुगड्यांची वाकळ घरीच घालायची. म्हणून शिवणाच्या वर्गाला जाते असे सांगितले तर सासू एखादे वेळी हो म्हणे. आणि एकदा वर्गाला आली की बाई नुसता टाका शिकत नाही. कापड मोजायचे म्हणजे अंक आले, माप लिहून ठेवायचे म्हणजे अक्षर आले. शेजारी बसलेली दुसऱ्या आळीतली, दुसऱ्या जातीची, तिच्याशी बोलायचे म्हणजे जग आले. सुईच्या नेढ्यातून दोरा जातो तशी बाई त्या लहानशा वाटेने बाहेर पडते.

16 जानेवारी 1901 रोजी रानड्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवरा हाच त्यांचा गुरू होता. तो आधार एकदम गेला. मुंबईचे घर आवरून त्या पुण्याला आपल्या जुन्या घरी परत आल्या आणि वर्षभर कोणाला भेटल्या नाहीत, कुठे गेल्या नाहीत. ज्या बाईने गव्हर्नरसमोर भाषण केले होते, ती घराच्या चार भिंतींत मुकी होऊन राहिली.

हा त्यांचा वर्षभराचा काळ वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. आपण सगळ्याच अशा काळातून कधी ना कधी जातो. कोणाचे माणूस जाते, कोणाचे घर मोडते, कोणाच्या मुलाचा पाय घसरतो. त्या वेळी कोणी चार उपदेश केले तर ते कानात शिरत नाहीत. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी विणायला घेतलेली शाल अर्धी राहिली होती. ती मी उसवलीही नाही आणि पुरीही केली नाही. सुयांसकट सहा महिने पिशवीत होती. मग एके दिवशी आपोआप हात गेला आणि दोन ओळी झाल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागली. हातांना काम मिळाले की मन मागून येते. रमाबाईंचेही असेच झाले असेल, असे मला वाटते. त्यांनी आधी पतीची धर्मावरची व्याख्याने गोळा करून छापली. मग हळूहळू बाहेर पडू लागल्या. 1904 साली मुंबईस स्त्रियांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदी रमाबाई होत्या. पतीच्या मागे त्या तेवीस वर्षे जगल्या. त्यांचे स्वतःचे म्हणून जे मोठे काम, ते सगळे या तेवीस वर्षांतले.

त्या पहिल्याप्रथम कुठे गेल्या, हे पाहण्यासारखे आहे. त्या तुरुंगात जात. मध्यवर्ती तुरुंगाच्या स्त्रियांच्या भागात जाऊन तिथल्या कैदी बायकांशी बोलत बसत, त्यांना धर्माच्या चार गोष्टी सांगत. गुन्हेगार मुलांच्या शाळेत जात. इस्पितळात रोग्यांना फळे, फुले, पुस्तके नेऊन देत. न्यायाधीशाच्या पत्नीने कैद्यांच्या खोल्यांत जाऊन बसावे, ही गोष्ट लहान नाही. नवऱ्याने न्याय दिला आणि बायकोने माया दिली, असेच म्हणायला हवे.

1908 साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढले आणि त्यासाठी रमाबाईंची मदत घेतली. पुढच्याच वर्षी, 1909 साली, पुण्यास सेवासदन सुरू झाले. त्याची मुख्य जबाबदारी रमाबाईंवर आली. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे मोठे सहकारी. ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. पैसा उभा करणे, हिशेब, पत्रव्यवहार ही धावपळ ते करीत आणि बायकांनी विश्वासाने यावे, असा आधार म्हणजे रमाबाई. रानड्यांच्या वहिनी तिथे आहेत म्हटल्यावर घरची वडील माणसे सुनेला, लेकीला, विधवा बहिणीला पाठवायला तयार होत.

तिथे येणाऱ्या बायका कोण होत्या? शाळेचे वय गेलेल्या. कोणी लग्न झालेल्या, दुपारची झाकपाक करून मोकळ्या झालेल्या. कोणी नवऱ्याने टाकलेल्या. आणि पुष्कळशा विधवा, काही अगदी कोवळ्या वयाच्या. त्यांच्यासाठी मराठी लिहिण्यावाचण्याचे वर्ग निघाले. त्यांच्याच जोडीला शिवणकाम, भरतकाम, विणकाम, संगीत, जखमेवर प्राथमिक उपचार करणे, असे वर्ग निघाले. पुढे शिक्षिका तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, नर्सेसचे शिक्षण सुरू झाले, बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहे झाली. 1915 साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

शिवणाच्या वर्गाकडे आपण जरा थांबून पाहू, कारण आपणही तेच काम करतो. शिवण शिकायचे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. आधी धावदोरा, मग टीप, मग तुरपाई. काज करायला आठ-आठ दिवस लागतात आणि पहिले काज नेहमी वाकडेच येते. भरतकामात साखळीचा टाका आला की गव्हाचा, गव्हाचा आला की काथा टाका. विणकामात एक टाका निसटला की तो खालपर्यंत ओघळत जातो, तो लगेच उचलावा लागतो, नाहीतर ओळीच्या ओळी उसवाव्या लागतात. जिला जन्मभर तू अपशकुनी, तू निरुपयोगी असेच ऐकवले गेले, ती बाई असे काम हातात घेते, चुकते, उसवते, पुन्हा करते आणि शेवटी एक नीट झबले तिच्या हातून तयार होते. ते पाहून तिच्या मनात काय येत असेल! माझ्याही हाताला काही येते, हे तिला पहिल्यांदा कळते. बाकीचे सगळे त्यानंतर येते.

आणि ते झबले विकले गेले तर? इथेच खरा प्रश्न होता. शिवणे हे शिंप्याचे काम, ते घरापुरते ठीक, पण चांगल्या घरच्या बाईने पैसे घेऊन शिवावे हे लोकांना कमीपणाचे वाटे. रोग्याची शुश्रूषा करून पगार घेणे तर त्याहून कमीपणाचे. विधवेने नर्स व्हावे, परक्या माणसाला शिवावे, रात्री इस्पितळात राहावे, हे ऐकून लोक कानावर हात ठेवीत. या कामाला मुली आणि विधवा पुढे येईनात. तेव्हा रमाबाईंनी स्वतः लक्ष घालून, घरोघरच्या माणसांची समजूत घालून त्यांना या शिक्षणाला आणले. रोग्याची सेवा हे पुण्याचे काम आणि कष्टाचा पैसा हा स्वच्छ पैसा, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवले. रागावून किंवा भांडून नव्हे. खालच्या स्वयंपाकघरात वीस वर्षे जो धीर त्यांनी धरला होता, तोच इथे उपयोगी पडला.

त्यांना स्वतःला पैशाची गरज नव्हती. पतीने मागे पुरेसे ठेवले होते. म्हणून त्यांना शिवणकाम हा नुसता छंद ठेवता आला असता. थोरामोठ्यांच्या बायकांनी जमावे, रुमालावर वेलबुट्टी काढावी, प्रदर्शन भरवावे आणि चहा पिऊन घरी जावे, असेही एक सेवासदन निघाले असते. पण आपल्याला गरज नाही म्हणून दुसरीलाही नसेल, असे त्यांनी धरले नाही. ज्यांना छंद हवा त्यांना छंद आणि ज्यांना भाकरी हवी त्यांना भाकरी, दोघींना एकाच छपराखाली त्यांनी जागा दिली. माझ्या मते त्यांचे थोरपण यातच आहे.

सेवासदनातल्या बायका घेऊन त्या आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत जात आणि वारीला आलेल्या बायकांची सेवा करीत. गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या लोकांसाठी त्यांनी मदत उभी केली. पुण्यात मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून त्यांनी बायकांना बरोबर घेऊन चळवळ केली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा यासाठीही त्या झटल्या. आज आपण मत द्यायला रांगेत उभ्या राहतो आणि बोटाला शाई लावून घरी येतो, त्यामागे या बायकांचे कष्ट आहेत. 1910 साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. मराठीत बाईने लिहिलेल्या पहिल्या काही आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात स्वतःचा मोठेपणा कुठे नाही, सगळे पतीविषयी आहे. एवढे मोठे काम करणाऱ्या बाईने स्वतःविषयी इतके कमी बोलावे, याची मला थोडी रुखरुखही लागली.

1924 सालच्या एप्रिल महिन्यात रमाबाईंनी पुण्यास देह ठेवला. त्या वेळी पुण्याच्या सेवासदनाच्या निरनिराळ्या शाखांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. महात्मा गांधींनी त्यांच्याविषयी आदराने लिहिले. 1962 साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा सरकारने त्यांच्या चित्राचे पोस्टाचे तिकीट काढले. पण मला वाटते, तिकिटापेक्षा मोठे स्मारक दुसरे आहे. सेवासदनात शिकलेली बाई परत गावी गेली, शाळेत शिक्षिका झाली, इस्पितळात नर्स झाली, किंवा घरच्या ओट्यावर शिवण घेऊन बसली आणि तिने आपली मुले वाढवली. अशा किती जणी असतील! त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत.

आता आपल्या मंडळाकडे येते. आज काळ बदलला आहे. तयार स्वेटर बाजारात हवे तेवढे मिळतात आणि लोकर घेऊन विणलेल्यापेक्षा ते स्वस्तही पडतात. रुखवताला विणलेली तोरणे आणि भरलेले रुमाल मांडायची हौस कमी झाली आहे. मग हे वर्ग चालवायचे कशाला, असे आपल्या घरची मुलेच आपल्याला विचारतात. मी त्यांना सांगत असे की, मनाला विरंगुळा म्हणून. ते खोटे नाही. पण अर्धेच खरे आहे. संसाराचे दिवस नेहमी सारखे नसतात. आज जो छंद आहे तो उद्या आधार होऊ शकतो, आणि कोणाचा उद्या कधी येईल ते सांगता येत नाही.

ती आपली भगिनी दोन महिने आली नाही, तेव्हा एके दिवशी मी तिच्या घरी गेले. बोलायला अवघड वाटत होते म्हणून माझे एक जुने ब्लाऊज सैल करायला म्हणून बरोबर नेले होते. तिने हातानेच टाके घालून ते लगेच नीट करून दिले आणि पैसे घेईना. मी तिच्यासमोर माझी चूक कबूल केली. तिने काही उत्तर दिले नाही, चहा केला. पुढच्या सोमवारी ती वर्गाला आली.

त्यानंतरच्या बैठकीत मीच ठराव मांडला की, वर्ग नसेल त्या वेळी गरजू सभासदांना मंडळाचे मशीन वापरू द्यावे, दोरा आणि तेल त्यांनी आपले आणावे आणि शिवणावळीचे पैसे त्यांचेच असावेत. काहींचा अजून विरोध आहे. मंडळाचा बाजार होईल अशी त्यांना भीती वाटते आणि ती भीती अगदीच चुकीची आहे असेही मी म्हणत नाही. वेळ ठरवून द्यावी लागेल, मशीन बिघडले तर दुरुस्ती कोणी करायची ते ठरवावे लागेल. हा ठराव वार्षिक सभेपुढे येणार आहे. त्या वेळी प्रत्येकीने आपले मत मोकळेपणाने द्यावे. फक्त मत देण्यापूर्वी रमाबाईंची एकदा आठवण करावी, एवढेच माझे मागणे आहे.

अर्धी राहिलेली ती शाल यंदाच्या थंडीत मी पुरी केली. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात ती ठेवणार आहे, पण ती विकायची नाही. बाकीचे माझे विणकाम मात्र या वर्षी विक्रीला ठेवीत आहे. त्याचे जे येईल ते मशीनच्या दुरुस्तीसाठी मंडळाच्या खात्यात जमा करावे.

मंडळाला दीर्घायुष्य लाभो आणि आपल्या सर्वांच्या हाताला काम व मनाला समाधान मिळो, ही अंबाबाईच्या चरणी प्रार्थना.

— आपली एक भगिनी